मुंबईचं पाणी जिथे निवळतं

मुलांनो, सकाळी नळाला पाणी आलं की घरात एकच धांदल उडते. पिंप भरा, बादल्या भरा, आंघोळी उरका! पण बादलीत पडणारं हे पाणी तुमच्या घरी येण्याआधी कुठे होतं, असा प्रश्न तुम्हाला कधी पडला आहे का? “गच्चीवरच्या टाकीत,” असं कुणीतरी म्हणेल. बरोबर. आणि त्याआधी? “तलावात!” हेही बरोबर. पण तलाव आणि टाकी यांच्यामध्ये एक ठिकाण असतं, आणि त्याचं नाव मात्र सहसा कुणालाच सांगता येत नाही. आज आपण तिथलीच सहल करणार आहोत. शहर आहे मुंबई आणि ठिकाण आहे भांडुप संकुल. तिथली माणसं त्याला ‘भांडुप कॉम्प्लेक्स’ म्हणतात.

मध्य रेल्वेच्या लोकलने ठाण्याकडे जाताना भांडुप, नाहूर आणि मुलुंड ही स्टेशनं लागतात. डाव्या हाताच्या खिडकीतून पाहिलंत, तर इमारतींच्या मागे हिरवा डोंगर दिसतो. हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर. याच डोंगराच्या पायथ्याशी, खिंडीपाड्याच्या बाजूला हे संकुल पसरलं आहे. पलीकडे जंगल सुरू होतं, त्यामुळे कधी कधी बिबट्याही इथे फेरफटका मारून जातो. अर्थात, वाटलं म्हणून कुणालाही आत शिरता येत नाही. कोट्यवधी माणसांचं पिण्याचं पाणी जिथे आहे, तिथे कडक पहारा असायलाच हवा. म्हणून आपली सहल कागदावरची! चला तर.

आधी पाणी कुठून येतं ते पाहू. मुंबई सात तलावांचं पाणी पिते. विहार (१८६०) आणि तुळशी (१८७९) हे दोन तलाव शहराच्या हद्दीतच, याच राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात आहेत. पण वाढत्या मुंबईला ते कधीच पुरेनासे झाले. मग १८९२ मध्ये तानसा आला. १९५७ मध्ये वैतरणा नदीवर धरण झालं. त्याच्या जलाशयाला मोडक सागर म्हणतात. हे नाव मुंबईचे नामवंत अभियंते मोडक यांच्यावरून पडलं. पुढे ऊर्ध्व वैतरणा आणि भातसा आले, आणि २०१४ मध्ये मध्य वैतरणा धरणाचं पाणी मिळू लागलं. यातलं काही पाणी शंभर किलोमीटरहून लांबून येतं. पण गंमत अशी, की तानसा आणि वैतरणेचं पाणी बहुतेक सगळी वाट आपल्या पायांनी चालत येतं! म्हणजे धरण उंचावर, शहर सखल भागात, आणि मधे उतार राखून टाकलेल्या नळवाहिन्या आणि बोगदे. पंपाने ढकलण्याची गरज फारशी पडत नाही. गुंदवलीपासून भांडुपपर्यंत तर जमिनीखाली खोलवर सुमारे १५ किलोमीटरचा बोगदा आहे. वर रस्ते, घरं, दुकानं, आणि खाली अंधारात एक नदीच वाहते म्हणा ना!

आता हे पाणी भांडुपला पोहोचलं. ते तसंच का पिऊ नये? तलावाचं पाणी दिसायला निळंशार असतं. पण पावसाळ्यात डोंगरावरची माती धुऊन तलावात येते. पाण्यात शेवाळ असतं, कुजलेला पाला असतं, आणि डोळ्यांना न दिसणारे जंतू असतात. कॉलरा, टायफॉईड, कावीळ हे सगळे दुष्ट पाहुणे अशा पाण्यातूनच घरात शिरतात.

गढूळ पाणी निवळण्याची युक्ती आपल्याकडे फार जुनी आहे. तुमच्या आजीला विचारा. ती सांगेल, पूर्वी पावसाळ्यात हंड्यात तुरटीचा खडा फिरवत असत. काही ठिकाणी निवळीचं बी मडक्याच्या आतल्या अंगाला घासत. ‘निवळी’ या नावातच तिचं काम सांगितलं आहे! भांडुपच्या एवढ्या मोठ्या कारखान्यात पहिलं काम नेमकं हेच होतं. आजीचा हंडा तिथे तळ्याएवढा मोठा झाला आहे, इतकाच काय तो फरक.

तुरटी काय करते? मातीचे अगदी बारीक कण पाण्यात तासन्‌तास तरंगत राहतात, खाली बसतच नाहीत. कारण त्या सगळ्यांवर एकाच जातीचा, म्हणजे ऋण वीजभार असतो. सारखे भार एकमेकांना दूर ढकलतात, हे तुम्ही विज्ञानात शिकला असाल. त्यामुळे हे कण एकमेकांच्या जवळ यायलाच तयार नसतात. वर्गात भांडण झालेल्या मुलांसारखे! तुरटीच्या जातीचं रसायन पाण्यात पडलं की त्यांचा हा भार नाहीसा होतो. भांडण मिटतं, कण एकमेकांना चिकटतात आणि त्यांचे कापसासारखे गुठळे होतात. गुठळा जड झाला की तळाशी बसतो.

हे रसायन टाकण्याचीही एक रीत आहे. आधी पाणी जोरात घुसळतात, म्हणजे रसायन सगळीकडे पोहोचतं. मग अगदी हळू ढवळतात, म्हणजे जमलेले गुठळे फुटत नाहीत. रसायन किती घालायचं, हे कसं ठरवत असतील? प्रयोगशाळेत काचेची काही भांडी ओळीने मांडतात. सगळ्यांत तेच तलावाचं पाणी, पण रसायनाचं प्रमाण प्रत्येकात वेगळं. ज्या भांड्यातलं पाणी सर्वांत छान निवळलं, ते प्रमाण त्या दिवशीचं. उन्हाळ्यातलं प्रमाण पावसाळ्यात चालत नाही. आईला नाही का, नव्या तांदळाला पाणी किती घालायचं ते पुन्हा ठरवावं लागत!

गाळ खाली बसला की वरचं पाणी फिल्टर बेडवर जातं. म्हणजे काय, तर वाळूच्या जाड थराचा मोठा हौद. वर वाळू, खाली खडी. पाणी वाळूतून झिरपत खाली उतरतं आणि उरलेला बारीक कचरा वाळूत अडकतो. काही काळाने वाळूच तुंबते. मग खालून वर हवा आणि पाणी जोराने सोडतात. सगळी घाण वर येते आणि बाहेर वाहून जाते. याला ‘बॅकवॉश’ म्हणतात. त्या वेळी हौद अगदी उकळल्यासारखा खदखदतो.

शेवटी क्लोरिन. उरलेसुरले जंतू मारायचं काम त्याचं. पण क्लोरिनला आणखी एक जबाबदारी असते. भांडुपहून निघालेलं पाणी तुमच्या घरी पोहोचेपर्यंत कितीतरी किलोमीटरच्या नळांतून जातं. एखादा नळ फुटका असेल, तर वाटेत पुन्हा जंतू शिरू शकतात. म्हणून थोडा क्लोरिन पाण्यासोबत पहारेकऱ्यासारखा पाठवायचा. शेवटच्या नळापर्यंत लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन उरला पाहिजे, असं आपल्या देशाचं मानक सांगतं. पाण्याला कधी कधी औषधासारखा वास येतो ना? तोच हा पहारेकरी!

शुद्ध झालेलं पाणी मग एका प्रचंड टाकीत साठवतात आणि तिथून शहरभरच्या छोट्या-मोठ्या जलाशयांकडे पाठवतात. तुम्ही ‘म्हातारीचा बूट’ पाहायला मलबार हिलवर गेला असाल, तर त्याच्या समोरच्या हँगिंग गार्डनमध्येही नक्की बागडला असाल. त्या हिरवळीखाली काय आहे, ठाऊक आहे? पाण्याचा जलाशय! तुम्ही वर पकडापकडी खेळत असता आणि खाली दक्षिण मुंबईचं पिण्याचं पाणी असतं.

आता थोडी गणितं करू या. भांडुपचं जुनं केंद्र १९७९ च्या सुमारास सुरू झालं. त्याची क्षमता रोज १९१० दशलक्ष लिटर. दशलक्ष म्हणजे दहा लाख. म्हणजे हे झाले दिवसाला १९१ कोटी लिटर! आशियातल्या मोठ्या जलशुद्धीकरण केंद्रांत त्याची गणना होते. १० हजार लिटरचा एक टँकर धरला, तर १ लाख ९१ हजार टँकर. आणि दर सेकंदाला? कागद-पेन्सिल घ्या. दिवसाचे ८६,४०० सेकंद. भागाकार केलात की उत्तर येईल सुमारे २२ हजार लिटर. तुम्ही “एक” म्हणेपर्यंत दोन टँकर भरून वर थोडं उरलंसुद्धा!

पुढे मध्य वैतरणेचं पाणी येऊ लागलं, तेव्हा भांडुपलाच रोज ९०० दशलक्ष लिटरचं दुसरं केंद्र उभं राहिलं. सगळ्या मुंबईला रोज सुमारे ३९०० दशलक्ष लिटर पाणी मिळतं. भांडुपच्या दोन्ही केंद्रांची क्षमता मिळून होते २८१०. म्हणजे मुंबईतल्या बहुतेक नळांचं माहेर भांडुप, असं म्हणायला हरकत नाही. भातसाच्या पाण्याचा मोठा वाटा मात्र पांजरापूरच्या केंद्रात शुद्ध होतो.

आता एक कोडं. २०२४ मध्ये मुंबई महानगरपालिकेने भांडुपला आणखी एक नवं केंद्र बांधायचं कंत्राट दिलं. त्याची क्षमता रोज २००० दशलक्ष लिटर. खर्च हजारो कोटी रुपये. ऐकल्यावर वाटतं, वा, आता पाणीच पाणी! पण हे नवं केंद्र जुन्या १९१० च्या जागी काम करायचं आहे. २००० मधून १९१० वजा करा. उरले किती? फक्त ९०! मग एवढा खटाटोप कशासाठी?

उत्तर सोपं आहे, पण चटकन सुचत नाही. जुनं केंद्र चाळीस-पंचेचाळीस वर्षं दिवसरात्र चाललं आहे. काँक्रीट सतत ओलं, हवेत क्लोरिन, यंत्रांना विसावा नाही. घराचीही इतक्या वर्षांनी डागडुजी करावी लागते. घराची दुरुस्ती असेल तर आपण चार दिवस मावशीकडे राहायला जातो. पण इथलं पाणी कुठल्या मावशीकडे जाणार? केंद्र बंद ठेवलं, तर मुंबईच्या मोठ्या भागातले नळ कोरडे पडतील. शाळा, दवाखाने, अग्निशमन दल, वडापावची गाडी, सगळ्यांचंच अडेल.

समजा, एका घरात शंभर माणसं रोज दोन वेळा जेवतात. स्वयंपाकघर जुनं झालं आहे, भिंतींना ओल आली आहे. पण चूल एक दिवसही बंद ठेवता येत नाही. मग काय करायचं? अंगणात आधी नवं स्वयंपाकघर बांधायचं. तिथे चूल नीट पेटते का, धूर बाहेर जातो का, भाताला किती वेळ लागतो, हे सगळं तपासायचं. पंगत एकदाही न मोडता हळूहळू सगळा स्वयंपाक नव्या घरात न्यायचा. त्यानंतरच जुन्या चुलीला निरोप द्यायचा. भांडुपचं काम असंच आहे. म्हणून त्याला वर्षंच्या वर्षं लागतात. मलबार हिलचा तो जलाशय पाडून नवा बांधावा की आहे तोच दुरुस्त करावा, यावर २०२३ मध्ये मोठा वाद झाला, तेव्हाही एक प्रश्न हाच होता. काम चालू असताना लोकांनी पाणी कुठून प्यायचं? शिवाय वरच्या झाडांचं काय?

केंद्र बंद पडलं तर काय होतं, याची झलक मुंबईने पाहिली आहे. १७ जुलै २०२१ च्या रात्री मुंबईत भयंकर पाऊस कोसळला. दुसऱ्या दिवशी पहाटे भांडुप संकुलात पावसाचं पाणी शिरलं आणि विजेची यंत्रणा बंद करावी लागली. पंप थांबले, गाळणंही थांबलं. बाहेर रस्त्यांवर गुडघाभर पाणी, आणि घरात नळाला थेंब नाही! कर्मचाऱ्यांनी धडपड करून यंत्रं कोरडी केली आणि टप्प्याटप्प्याने पुरवठा सुरू केला. पाणी उकळून प्या, असं नागरिकांना सांगण्यात आलं. सगळ्या शहराची भिस्त एकाच जागेवर असली, की एका रात्रीचा पाऊससुद्धा केवढा महाग पडतो पाहा. पाऊस आता असा एकदम, धो धो कोसळतो. तेव्हा नव्या केंद्राने नुसतं मोठं असून भागत नाही. ते मजबूतही असायला हवं. विजेची यंत्रं उंचावर हवीत आणि पावसाचं पाणी आत शिरायला वाट नको.

जागेचाही प्रश्न असतो. एका बाजूला जंगल, दुसऱ्या बाजूला वस्ती. मग कमी जागेत जास्त पाणी कसं निवळायचं? यावर अभियंत्यांनी एक सुंदर युक्ती शोधली आहे. गाळ बसण्याच्या हौदात तिरप्या पट्ट्या किंवा नळ्या दाटीने बसवायच्या. मोकळ्या हौदात गाळाच्या कणाला तळ गाठायला बरंच अंतर जावं लागतं. तिरप्या पट्टीवर तो चटकन टेकतो आणि घसरगुंडीवरून घसरावं तसा खाली जातो. त्यामुळे तेवढ्याच पाण्यासाठी खूप लहान हौद पुरतो. हौद लहान झाला की जमीन वाचते, आणि जमीन वाचली की काही झाडंही वाचतात.

पण मुलांनो, एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. शुद्धीकरण केंद्र पाणी तयार करत नाही. पीठगिरणी मोठी केली म्हणून शेतात ज्वारी जास्त पिकत नाही, तसंच हे. धरण, बोगदा, केंद्र, जलाशय, नळ अशी ही साखळी आहे. एक कडी मोठी केली आणि बाकीच्या तशाच राहिल्या, तर उपयोग नाही. मुंबईला आणखी पाणी हवं, म्हणून पालघर जिल्ह्यात गारगाई धरणाची योजना आहे. त्यातून रोज ४४० दशलक्ष लिटर पाणी मिळेल, असा हिशेब आहे. पण त्यासाठी जंगल पाण्याखाली जाईल आणि काही गावांना आपली घरं सोडावी लागतील. मनोरीला समुद्राचं पाणी गोडं करण्याचीही योजना आहे, पण त्याला वीज फार लागते. कुठलंच पाणी फुकट मिळत नाही. कुणी ना कुणी त्याची किंमत मोजतंच.

ती किंमत पाहायची असेल, तर ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यात जायला हवं. तानसा आणि भातसा ही धरणं याच तालुक्यातली. इथल्या डोंगरांवरचा पाऊस तलावात साठतो आणि मुंबईला जातो. पण याच तालुक्यातल्या कितीतरी पाड्यांवर दर उन्हाळ्यात विहिरी आटतात. बायाबापड्या आणि तुमच्याच वयाच्या मुली डोक्यावर हंडा घेऊन टँकरची वाट पाहत उभ्या राहतात. मुंबईच्या नळवाहिन्या त्यांच्या शेजारच्या रानातून जातात, पण त्या वाहिन्यांना त्यांच्यासाठी नळ नाही. मुंबईकरांना पाणी मिळायलाच हवं. पण ज्यांच्या अंगणातून ते येतं, त्यांची तहान आधी भागायला नको का? मोठी माणसं पाण्याच्या योजना आखतात, तेव्हा हा प्रश्न विचारणारं कुणीतरी तिथे हवं. उद्या तुम्हीच अभियंता, अधिकारी किंवा पत्रकार झालात, तर तो विचारायचं काम तुमचं!

तोपर्यंत आपल्याला काय करता येईल? पालकांनो, हे तुमच्यासाठीही आहे. भांडुपला एवढी मेहनत घेऊन शुद्ध केलेलं पाणी आपल्या इमारतीच्या टाकीत येऊन घाण होऊ शकतं. टाकीचं झाकण घट्ट बसतं का? ती शेवटची कधी धुतली होती? येत्या रविवारी सोसायटीत एवढं विचारून पाहा. रस्त्यात कुठे नळ फुटून पाणी वाहत असेल, तर विभाग कार्यालयाला कळवा. ते पाणी शंभर किलोमीटर चालून, निवळून, गाळून तिथवर आलेलं असतं. आणि “उद्या जलवाहिनीच्या कामासाठी पाणीपुरवठा बंद” अशी सूचना पेपरात आली, की नुसते वैतागू नका. नकाशा उघडा आणि काम साखळीच्या कुठल्या कडीवर आहे, ते मुलांसोबत शोधा.

मुंबईबाहेरच्या मित्रमैत्रिणींनो, तुमच्या गावातही असा एखादा कारखाना आहेच. पुण्यात खडकवासल्याचं पाणी पर्वतीच्या जलकेंद्रात येतं. नागपुरात गोरेवाडा आहे. गोव्यात खांडेपार नदीकाठी ओपा आहे. तुमच्या गावातलं ठिकाण कुठलं? शोधा, आणि आपल्या सरांना किंवा बाईंना सांगून, रीतसर परवानगी काढून शाळेची सहल तिथे न्या. परत याल तेव्हा आम्हाला जरूर लिहून कळवा.

करून पाहा

काचेचे दोन ग्लास घ्या. दोन्हींत सारखंच गढूळ पाणी भरा. एका ग्लासात तुरटीची चिमूटभर पूड टाका. अर्धा मिनिट जोरात ढवळा, मग पाच मिनिटं अगदी हळू ढवळा. दुसऱ्या ग्लासात तुरटी न घालता तसंच ढवळा. आता दोन्ही ग्लास अर्धा तास हलवू नका. दर पाच मिनिटांनी पाहा आणि वहीत नोंद करा. कुठलं पाणी आधी निवळलं? गुठळे केव्हा दिसू लागले? मात्र हे पाणी पिऊ नका बरं का! निवळलेलं पाणी नुसतं दिसायला स्वच्छ असतं. त्यातले जंतू अजून मेलेले नसतात. प्रयोग झाला की ते पाणी कुंडीतल्या झाडाला घाला.